कोणालाही बसव

१

दुसऱ्यांच्या खुर्च्यांत बसण्यात माझं निम्मं आयुष्य गेलं. शिंप्याच्या, मुख्याध्यापकांच्या, केस कापणाऱ्याच्या, एकदा तर चक्क न्यायाधीशाच्या. गैरसमज नको, माझा धंदा लिहिण्याचा. नोकरी कुणाचीच नाही. मासिकवाले सांगतील तो विषय आणि सांगतील तेवढे शब्द, आणि छापून येताना त्यातलेही निम्मे गायब. खुर्च्यांत बसायचं ते भिंगरीमुळे.

भिंगरी म्हणजे माझी मैत्रीण. फोटोग्राफर. गळ्यात भिंगं लटकवून दिवसभर भिरभिरते, म्हणून मी तिचं नाव भिंगरी ठेवलं. तिनं माझं ठेवलं पाल्हाळ. आम्ही एका साप्ताहिकात भेटलो, ते साप्ताहिक केव्हाच बंद पडलं, आम्ही मात्र भांडत भांडत अजून चालू आहोत. तिच्या बाळंतपणात मी होते, माझ्या आईच्या शेवटच्या दुखण्यात ती होती. नवरा म्हणतो, तुम्ही दोघी एकमेकींवर जितक्या खेकसता तितकं मी खेकसलो असतो तर घर सोडून गेली असतीस. खरं आहे.

आमची कामाची एक पद्धत आहे. माणसाचा फोटो त्याच्या कामाच्या जागी काढायचा तर आधी दिवे जुळवावे लागतात आणि त्याला वेळ लागतो. तेवढा वेळ खऱ्या माणसाला बसवून ठेवलं की त्याचा चेहरा आंबतो, हा भिंगरीचा शब्द. म्हणून त्याच्या जागी आधी मी बसते. रंग खरे यावेत म्हणून हनुवटीखाली एक राखाडी पुठ्ठा धरते. ती दिवे सरकवते, "मान वर कर गं म्हशी," म्हणून ओरडते, मी उलट बोलते, ती टेस्टचा एक फोटो काढते. मग मी उठते आणि ज्याची खुर्ची तो माणूस येऊन बसतो.

त्या दिवशी घड्याळजीकडे काम होतं. आमचं दोघींचं एक पुस्तक चाललंय, म्हणजे रखडलंय. नाव 'आपापली जागा'. माणसं आणि त्यांच्या खुर्च्या, फोटो तिचे, मजकूर माझा. पण सकाळपासून मी एका मासिकाच्या कचेरीत अडकले होते. माझ्या भाच्याच्या वयाचा संपादक मला समजावत होता की लेखात 'थोडा जीव' हवा. तोच लेख तो पुन्हा लिहून मागत होता, आणि मागच्या खेपेला त्यानंच त्यातला जीव काढायला लावला होता. डोक्यात नुसती तिडीक. त्यात भिंगरीचा फोन.

"कुठे उलथलीस? खिडकीतला उजेड चाललाय."

"येतेय गं."

"येतेय येतेय काय! टेस्टला बसायला कुणी नको का?"

"माझ्यावाचून काय अडलंय तुझं? कोणालाही बसव!"

मग ती म्हणाली, "बरं." आणि फोन ठेवला. रुसली असती तर मला कळलं असतं, तिचे रुसवे मला पाठ आहेत. हे एखादी गोष्ट ठरून गेल्यावर म्हणतात तसं 'बरं' होतं.

२

मी पोचले तेव्हा भिंगरी दिव्यांच्या तारा गुंडाळत होती आणि गुणगुणत होती. कामाच्या जागी भिंगरी गुणगुणत नाही.

"का गं, परत आलीस? काही राहिलं का?"

मला वाटलं टोमणा आहे. उशीर झाला की ती असलेच मारते. मी म्हटलं, "हो, अक्कल राहिली होती, ती न्यायला आले."

ती हसली नाही. जराशी गोंधळून माझ्याकडे बघत राहिली. "मघाशी किती शांत होतीस," ती म्हणाली आणि पुन्हा तारा गुंडाळायला लागली.

मी घड्याळजीशी बोलायला बसले. दुकान म्हणजे एक बोळकंडीच. तिन्ही भिंतींवर घड्याळं, प्रत्येकाची वेळ वेगळी, आणि सगळ्यांची टिकटिक एकमेकींच्या मध्ये तोंड घालणारी. प्रश्न विचारता विचारता मी सहज म्हटलं, "मघाशी तुमच्या खुर्चीत कुणाला बसवलं होतं हो?"

"मी आत होतो, हाताचं तेल धूत," तो म्हणाला. "बाईंचा आवाज येत होता. दुसऱ्या कोण होत्या त्या हळू बोलत होत्या."

असेल एखादं गिऱ्हाईक. बसव म्हटलं, बसवलं. माझ्या जागी कुणालाही बसवून काम भागतं हे बघून थोडं लागलं मात्र.

दुसऱ्या दिवशी फोटो निवडायला तिच्या घरी गेले. वरच्या मजल्यावर तिची कामाची खोली आहे. खिडकीला काळा पडदा, टेबलावर मोठा मॉनिटर, कोपऱ्यात दिव्यांचे उभे सांगाडे, आणि बाजूला सामान ठेवायची बिनखिडकीची अडगळ. तिनं घड्याळजीचे फोटो उघडले. पहिला अर्थातच टेस्टचा.

घड्याळजीच्या खुर्चीत एक बाई बसली होती. अंगात माझा करडा स्वेटर. दोन्ही हातांत पुठ्ठा, पण हनुवटीखाली नव्हे, तोंडासमोर. वर नुसते केस दिसत होते, मधोमध भांग पाडलेले. मागे ती बोलघेवडी घड्याळं.

"ही कोण?" मी विचारलं.

"कोण म्हणजे? तू."

"मी तेव्हा कचेरीत त्या दीडशहाण्याचं ऐकत बसले होते!"

"मग काय माझी सासू बसलीय? हा स्वेटर आणखी कुणाकडे आहे? वासच असा येतो त्याला की कुणी चोरणार नाही." ती हसत होती. "रुसली होतीस म्हणून तोंडासमोर धरलास. मीच म्हटलं असू दे."

मी पुष्कळ वाद घातला. जुना फोटो चुकून इथे आला असेल, म्हटलं. पण घड्याळं तीच होती. स्वेटर काय, असे ढिगानं मिळतात. भिंगरी दिवे जुळवताना माणसाकडे बघतच नाही, उजेडाकडे बघते. कुणी बसलं आणि तिला मी वाटले, एवढंच. जिना उतरेपर्यंत माझी पटवापटवी पुरली. नखांचं मात्र पटेना. मी नखं कुरतडते, लहानपणापासून. फोटोतल्या बोटांची नखं नीट कापलेली होती.

३

पुस्तकातली पुढची खुर्ची दंतवैद्याची होती, तिथे मी मुद्दाम वेळेआधी गेले. बाहेरच्या खोलीत बाकावर बसले. समोर जुनी मासिकं, आतून औषधाचा वास, भिंतीतल्या नळातून पाणी जाण्याचा आवाज. दंतवैद्य बाई एका म्हाताऱ्याला समजावत होत्या. भिंगरी आधीच आत गेली होती. ती हाक मारेल म्हणून मी थांबले.

आतून तिचं बोलणं ऐकू येत होतं. मध्येच थांबायची, मग "नाही गं," म्हणायची, पुन्हा थांबायची. फोनवर असेल. मग ती हसली. खूप दिवसांत ऐकलं नव्हतं असं हसली, श्वास लागेपर्यंत, शेवटी नाकातून आवाज काढत. साप्ताहिकात असताना ती माझ्या बोलण्यावर असं हसायची आणि संपादक काचेवर टकटक करायचे.

मग जाड पुठ्ठा वाकवल्यावर येतो तसा एक आवाज झाला, वॉब.

मी उठून दार ढकललं. आत भिंगरी एकटी. फोन तिचा खिडकीत पडलेला, चार्जरला लावून.

"कुणाशी बोलत होतीस?"

"आं?" ती कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्यात डोकं घालून होती. "जा, दंतवैद्य बाईंना बोलाव. दिवे जुळले."

"टेस्ट नको का घ्यायला? मी बसते ना."

तिनं डोकं वर काढलं. माझ्याकडे बघितलं, त्या आडव्या खुर्चीकडे बघितलं, पुन्हा माझ्याकडे. "किती वेळा बसणारेस?" ती म्हणाली.

खुर्चीचं प्लॅस्टिक दबलेलं होतं आणि माझ्या देखत हळूहळू वर येत होतं. डोकं टेकायची उशी माझ्या उंचीला लावलेली. मी तळवा ठेवून बघितला. गरम होतं. वर तो दिवा असतो, त्यानं तापलं असेल असं मी मनाशी म्हटलं, आणि मग लक्षात आलं की तो दिवा बंद आहे.

भीती नंतर वाटली. आधी राग आला. कोण ही सटवी, जिच्याशी बोलताना माझी मैत्रीण असं हसते? घरी येऊन नवऱ्याला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "दोघींनी डोळे तपासून घ्या." असल्या माणसाशी संसार केला, आता काय बोलायचं!

४

मी गोड वागायचं ठरवलं. हसू नका. शांत हवीय ना तिला, घे शांत. पुढच्या, बुकबाइंडरच्या कामाच्या दिवशी भिंगरीनं मला तंगवलं, माझा चष्मा पायदळी तुडवला, रस्ता चुकवला. मी तोंडाला कुलूप लावून बसले. "असू दे गं, होतं असं," म्हटलं. परतताना ती म्हणाली, "बरं नाहीये का तुला? आज अगदी कुणीतरी वेगळीच वाटतेयस." बघा आता. मी शांत बसले तर वेगळी, ती दुसरी शांत बसली तर मीच.

त्या कामालाही टेस्टला मी बसले नाही. कधी झाली मला कळलंच नाही.

मग एक दिवस न कळवता तिच्या घरी गेले. तिच्या लेकीनं दार उघडलं. या मुलीला मी अंगाखांद्यावर खेळवलंय, आता बँकेत मोठी साहेब आहे. मला बघून ती म्हणाली, "अय्या मावशी, तुम्ही खाली कधी आलात?"

"खाली कधी म्हणजे? आत्ता येतेय रस्त्यावरून."

"वर आईशी बोलत होतात ना?" ती चप्पल शोधत होती, तिचं लक्ष नव्हतं. "बरं झालं हं मावशी, तुम्ही हल्ली रोज येता ते. त्या डोळ्यांचं कळल्यापासून आई पार खचली होती. तुमच्याशी बोलून किती सावरलीय!"

मी जिना चढले. भिंगरी एकटीच मॉनिटरसमोर, आणि समोरची खुर्ची टेबलापासून मागे सरकवलेली.

"डोळ्यांचं काय?" मी विचारलं.

"आता पुन्हा तेच नको ना गं."

"पुन्हा नाही, पहिल्यांदाच! काय झालंय तुझ्या डोळ्यांना?"

ती वळली. "असं काय करतेस? तुलाच तर सगळ्यांत आधी सांगितलं. उजव्या डोळ्याला कडांचं दिसत नाही, आणि ते परत येणार नाही म्हणाले डॉक्टर. रडले मी, इथेच. तू हात धरून बसली होतीस. एक अक्षर बोलली नाहीस, नुसती बसलीस. तुझ्या आयुष्यात इतकं शहाण्यासारखं तू कधी वागली नव्हतीस."

मला काय वाटलं ते स्पष्टच सांगते. दुःख झालं ते डोळ्यांचं नंतर. आधी वाटलं, हे रडणं माझं होतं. इतकी वर्षं हिच्या शिव्या खाल्ल्या, ही रडेल त्या दिवशी जवळ असायचा हक्क माझा होता. आणि ते रडून झालं होतं.

"भिंगरी, ती मी नव्हते," मी म्हटलं. "तुझ्या गळ्याची शपथ. तुला नीट दिसत नाहीये म्हणून कुणीतरी येऊन बसतंय."

"मला दिसत नाही, कॅमेऱ्याला दिसतं ना?" तिचा आवाज चढला. "ये, बघ."

तिनं टेस्टचे फोटो एकामागून एक उघडले. घड्याळजीची खुर्ची, दंतवैद्याची, बुकबाइंडरची, आणखी दोघांची. स्वेटर तोच, पुठ्ठा तोच. पहिल्या फोटोत पुठ्ठ्याच्या वर नुसते केस होते. दंतवैद्याकडच्या फोटोत कपाळ दिसत होतं, आठी एकही नाही. बुकबाइंडरकडे भुवया. पुठ्ठा दर वेळी थोडा खाली येत होता.

"आता हा कालचा," भिंगरी म्हणाली. "बघ, किती छान आलीयस."

कालच्या फोटोत डोळे होते. माझे नव्हेत असं म्हणायला मी तोंड उघडलं. डावा डोळा उजव्याहून किंचित बारीक, माझा आहे तसा. पापणीवरचा तीळ जिथल्या तिथे. फक्त ते डोळे कॅमेऱ्याकडे बघत नव्हते. कॅमेऱ्याच्या बाजूला, फोटोच्या बाहेर, दाराकडे बघत होते. काल तो फोटो निघाला तेव्हा मी दारापलीकडच्या व्हरांड्यात उभी होते, कंटाळून, कधी हाक मारते म्हणून वाट बघत.

"बंद कर," मी म्हटलं.

"आता पटलं?" भिंगरीनं माझा हात हातात घेतला आणि लगेच सोडला. माझ्या बोटांकडे बघत राहिली. "नखं कधी कुरतडलीस?" ती म्हणाली. "इतकी छान वाढवली होतीस."

५

पुस्तकाचा एकच फोटो उरला होता. प्रकाशक बाईंना शेवटच्या पानावर आम्ही हव्या होत्या. सगळ्यांना आपापल्या जागी बसवलंत, आता तुम्ही दोघी बसा, म्हणाल्या. आधी लेखिकेचा एकटीचा, मग दोघींचा. भिंगरीच्या खोलीतच, सकाळच्या उजेडात.

मी रात्रभर विचार केला आणि फार सोपं वाटलं. कोणालाही बसव म्हणून मीच जागा रिकामी सोडली होती, आता सोडायची नाही. सगळ्यांच्या आधी जायचं आणि त्या खुर्चीत बसायचं. भूकंप झाला तरी उठायचं नाही. मग बघू ती बया कुठे बसते.

लेक कामाला निघाली होती, दार उघडंच होतं. मी वर गेले. खोलीत कुणी नव्हतं. काळा पडदा बाजूला सारलेला, अडगळीचं दार लोटलेलं, आणि खिडकीशी ती खुर्ची. शेजारी पुठ्ठा टेकून ठेवलेला. मी बसले. पाठ टेकली, पाय जमिनीवर घट्ट रोवले, पुठ्ठा हनुवटीखाली धरला. इतक्या खुर्च्यांत बसले, पण एखादी खुर्ची अशी कधी धरून बसले नव्हते.

भिंगरी आली ती भिंग पुसत. मला बघून थबकली आणि हसली.

"अरे वा, आलात पण!" ती म्हणाली.

मी हसून घेतलं. आली बाई स्वारी थट्टेवर. तिनं दिवा सरकवला, उघडझाप करून बघितला. मागे गेली, पुढे आली. मला इतकं बरं वाटत होतं काय सांगू. खिडकीतला उजेड माझ्या हातांवर पडला होता. माझी कुरतडलेली नखंसुद्धा मला छान दिसत होती.

"जरा मान वर घेता का? हं, अश्शी."

"म्हशी म्हण की," मी म्हटलं.

ती हसली. तोंडभर, नीटस. "उजेड डोळ्यांवर येत नाही ना? येत असेल तर सांगा हं."

"भिंगरी, पुरे झाली थट्टा."

"झालंच. फार वेळ नाही घेणार तुमचा." ती कॅमेऱ्यामागे गेली. तिचा डावा डोळा कॅमेऱ्याला लागलेला होता. पूर्वी उजवा लावायची. "स्वेटर छान आहे तुमचा. माझ्या मैत्रिणीकडे अगदी असाच आहे."

माझ्या हातातला पुठ्ठा वाजला. मी तिला कितीतरी माणसांशी या आवाजात बोलताना ऐकलं होतं. मुख्याध्यापकांशी, न्यायाधीशांशी, घड्याळजीशी. इतकी वर्षं तिच्या बाजूला उभं राहून मी तिच्या त्या आवाजाची टर उडवत आले होते. समोर बसून कधी ऐकला नव्हता.

"अगं मी आहे!" मी ओरडले. "मी, पाल्हाळ! तुझ्या लेकीला पहिली आंघोळ मी घातलीय, भिंगरी! बघ ना माझ्याकडे!"

ती बघत होती. भिंगातून, उजेडाकडे. खटका वाजला. तिनं पडद्यावर फोटो बघितला आणि समाधानानं मान हलवली.

"झालं. थँक्यू हं. तुम्ही होतात म्हणून सोय झाली," ती म्हणाली, आणि अडगळीकडे तोंड करून ओरडली, "ए पाल्हाळ! दिवे जुळले! ये गं लवकर, उजेड चाललाय!"

मला तोंड उघडायचं होतं. "आले गं, ओरडतेस काय!" असं उत्तर आलं, ते अडगळीतून आलं. माझाच आवाज. थोडा वैतागलेला, पण बेतानं. लाडक्या माणसावर माणूस वैतागतो तेवढाच, त्याहून कणभर जास्त नाही. मला इतक्या वर्षांत तो बेत कधी जमला नव्हता.

दार करकरलं. मी एका हातानं पुठ्ठा वर उचलला, तोंडासमोर. मला बघायचं नव्हतं. पुठ्ठ्याच्या खालून जमीन दिसत होती, आणि जमिनीवरून पावलं येत होती, रोजच्यासारखी, उजवा पाय जरा घासत, माझा गुडघा दुखतो तेव्हा घासतो तसा. ती खुर्चीपाशी येऊन थांबली. खुर्चीच्या हातावर, माझ्या कोपराशेजारी, तिनं हात टेकला. नखं स्वच्छ होती. तिनं मला ढकललं नाही. नुसती थांबून राहिली.

दुसऱ्या हातानं खुर्चीचा दांडा मी इतका आवळून धरला होता की बोटं बधिर झाली. उठणार नाही, मी म्हणत होते. मोठ्यानं म्हणत होते की मनात, सांगता येत नाही.

भिंगरी जवळ आली. खाली वाकून, माझ्या खांद्याला जेमतेम बोटं लावत, तिच्या सगळ्यांत गोड आवाजात म्हणाली, "उठता ना जरा? हिला बसायचंय."

इतक्या अदबीनं कुणी सांगितलं की माणूस उठतोच. मी उठले.